हिरीचा शब्द आणि गेटची साखळी

पुरवणी जबाब
लोणावळा पोलीस ठाणे, तालुका मावळ, जिल्हा पुणे
दिनांक १३ फेब्रुवारी १९७८, सोमवार, सकाळी १० वाजून ४० मिनिटे

नाव : धोंडिबा रखमाजी केदारी. वय : ६३ (दाखल्यावर ६१). शिक्षण : मराठी तिसरी. धंदा : चौकीदार, पूर्वी रेल्वेत सांधेवाला. राहणार : तुंगार्ली, लोणावळा.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, कोणाचं बोलावणं नसताना, सांगतो की,

शुक्रवारी १० तारखेला तुमच्या हवालदारांनी माझा जबाब केंद्रातच घेतला व्हता. त्यात मी एवढंच सांगितलं की गुरुवारी दुपारी एक ते दोन बाहेरचं कोणी आत आलं न्हाई, गेटबुक बघा. गेटबुकात कोणाचं नाव न्हाई हे खरं हाय. पण कोणी आलं न्हाई हे खरं न्हाई. मागचा जबाब फाडून टाका म्हणालो तर तसं करता येत न्हाई म्हणतात. तर राहू द्या, हा त्याला जोडा.

मी रेल्वेत चौतीस वर्षं घाटात व्हतो, खंडाळ्याच्या खाली. पंच्याहत्तर साली रिटायर झालो आणि त्याच साली घाटमाथा गणकयंत्र केंद्रात चौकीदार लागलो. केंद्र म्हणजे तुंगार्लीच्या रस्त्याला एक जुना बंगला भाड्यानं घेतलाय. आत कॉम्प्युटर मशीन हाय, चार कपाटांएवढं. त्याला गार हवा लागती. सरकारी खात्यांच्या याद्या त्यात भरायच्या आणि छापून द्यायच्या हे तिथलं काम. सध्या धरणाच्या पाण्यात जाणाऱ्या वाड्यांची यादी चाललीय. कोणत्या घराला कुठं जागा मिळणार ती यादी. तीनशे बारा घरं हाईत. चार बाया टायपाच्या यंत्रावर बसून ती नावं भरतात. त्यातली एक हिरी बहिरू चिमटे, वय तेवीस, कोळ्याच्या वाडीवरली, आश्रमशाळेत मॅट्रिक झालेली. नवरा रोजंदारीवर जातो. तिच्याच वाडीची नावं त्या यादीत हाईत.

हिरीवर आळ आलाय की तिनं गुरुवारी यादीतली तीन घरं काढून दुसरी तीन घातली. तिला कामावरून काढून घरी बसवलंय आणि रोज हितं ठाण्यात हजेरी लावलीय. मी आलोय ते त्यासाठी. बाकीचं मधलं सांगावं लागतंय म्हणून सांगतो, मला पाल्हाळ आवडत न्हाई.

मशीन कसं चालतं ते फौजदार साहेबांनी विचारलं. मी तिसरी शिकलेला माणूस हाय, मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. मशीनच्या पोटात एक कारभारी असतो. माणूस न्हाई, लिहून ठेवलेलं काम असतं. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कोणाचं काम आधी, कोणाची यादी कुठं ठेवायची, कोणाला काय द्यायचं ते तो बघतो. मशीन आलं तवा हा कारभारी भोळा व्हता. जो समोर बसंल त्याला मालक समजायचा. कोणीबी कोणाचीबी यादी उघडावी, खोडावी. बाया तर एकमेकींचं काम चुकून पुसायच्या आणि दिवसभर भांडायच्या.

शहात्तर साली शमीम अल्लाउद्दीन मुलाणी ह्या बाई आल्या. वय एकोणतीस, तळेगावच्या, वडील घड्याळं दुरुस्त करतात. पुण्याला गणितात एम.एस्सी. झालेल्या. लग्न केलेलं न्हाई, ते त्यांचं ते बघतील. केंद्राचे मुख्य ते आमचे मोठे साहेब, त्यांनी बाईंना सांगितलं, मशीनला कडीकुलूप करा. त्यांनी मशीनच्या खोलीला कुलूप केलं न्हाई. त्या म्हणाल्या, कुलूप कारभाऱ्यातच घालायला पाहिजे, दाराला लावून उपयोग न्हाई, दारातून तर सगळ्यांना आत यायचंच हाय. हे काम त्यांनी एकटीनं तेरा महिने केलं. मी रेल्वेत इंग्रज इंजिनीअर बघितलेत, पण इतकं गुमान काम करणारं माणूस बघितलं न्हाई.

दुपारी त्या माझ्या चौकीवर डबा खायला यायच्या. आत गार हवेत त्यांची बोटं आखडायची. एकदा त्यांनी विचारलं, "आबा, घाटात तुम्ही नेमकं काय करायचा?"

मी सांगितलं. गाडी घाट उतरताना ब्रेक गेला तर थांबत न्हाई. म्हणून मधे एक चढाचा रूळ काढलेला असतो, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन थांबती. तितं सांध्याच्या खटक्यावर, म्हणजे रूळ फिरवायच्या दांड्यावर, मी असायचो. बाईंनी विचारलं, सांधा एरवी कुठं लावलेला असायचा, मेन लाइनला का सायडिंगला? मी म्हणालो, सायडिंगला. कायम सायडिंगला. गाडीनं यायचं, थांबायचं, शिट्टी द्यायची. थांबली म्हणजे ब्रेक हाय हे कळलं. मग मी सांधा फिरवणार, गाडी जाणार, की लगेच सांधा परत सायडिंगला.

"आणि तुम्ही झोपलात तर?"

"झोपलो तर गाडी उभी राहती. उशीर व्हतो. कोणी मरत न्हाई."

बाई घास हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "मी उलटं बांधत होते, आबा. मी सांधा मेन लाइनला ठेवून वाईट गाड्या ओळखत बसले होते."

डबा तसाच झाकून आत गेल्या. चार महिन्यांचं काम त्यांनी मोडलं आणि परत केलं. मोठे साहेब चिडले, तारीख पुढं गेली म्हणून. बाईंनी तारखेचं काही सांगितलं न्हाई, एवढंच म्हणाल्या की आता कारभारी कोणालाच ओळखत न्हाई, मलासुद्धा. आधी थांबायचं, नाव सांगायचं, आपला गुप्त शब्द द्यायचा. बरोबर आला तर ज्याचं जे काम तेवढाच रूळ उघडणार. बायांना यादीत लिहायची परवानगी, अधिकाऱ्यांना नुसती वाचायची. ज्याचं काम त्याला हात, बाकीच्यांना डोळे. ज्याचं नाव सांगितलेलं न्हाई त्याला काहीच न्हाई.

ह्यावर अंबाजी गराडे साहेब लय तापले. ते केंद्राचे दोन नंबरचे अधिकारी. माझ्या चौकीपुढंच म्हणाले की मी खुर्चीवर बसणारा, मला नुसतं वाचायचं आणि त्या वाडीवरच्या पोरीला लिहायचं, हा कुठला न्याय. शमीमबाई म्हणाल्या, "साहेब, मला यादी वाचायचीही परवानगी नाही. मी ती मला दिलेलीच नाही. मला फक्त तिचं रोजचं टिपण मिळतं." ते जीपमध्ये बसून गेले.

तीन वेळा शब्द चुकला की अर्धा तास मशीन त्या नावाला दारात घेत न्हाई. पहिल्याच आठवड्यात मोठे साहेब अडकले. पाहुण्यांसमोर अडकले. बाईंना म्हणाले, उघडा. बाई म्हणाल्या, उघडायला मागचं दार ठेवलेलंच न्हाई, ठेवलं तर ते पहिल्यांदा चोराला सापडतं. अर्धा तास साहेबांनी पाहुण्यांना बाग दाखवली. त्यानंतर पंधरा दिवसांनी बाई स्वतः अडकल्या. सकाळी शब्द बदलला आणि बोटं जुनाच टाकत राहिली. मुकाट्यानं माझ्या चौकीवर येऊन बसल्या, समोरच्या चाँदभाईंचा चहा मागवला. मी म्हणालो, सोनारानं कान टोचले तर सोनारालाबी दुखतं म्हणायचं. त्या हसल्या. म्हणाल्या, आज मला पहिल्यांदा खात्री पटली की हे चालतंय. स्वतः बांधलेल्या दाराबाहेर खुशीत बसलेलं माणूस मी तेवढंच बघितलं.

मी एकदा शंका काढली की सगळ्यांचे शब्द मशीनजवळ लिहिलेले असतील, मग तुमी ते वाचणार. त्या म्हणाल्या, न्हाई. बाजरी दळली की पिठावरून दाणे परत करता येत न्हाईत. पण तीच बाजरी त्याच जात्यात परत दळली तर तसंच पीठ पडतं. मशीन दाणे ठेवत न्हाई, नुसतं पीठ ठेवतं. कोणी शब्द दिला की ते दळून बघतं, पीठ जुळलं तर आत घेतं. म्हणजे हिरीचा शब्द काय ते शमीमबाईंनाबी माहीत न्हाई. हे मला लगेच कळलं. बी.एस्सी. झालेल्या गराडे साहेबांना दोनदा सांगावं लागलं.

आणखी एक. मशीन जुनं काही पुसत न्हाई. यादीत बदल केला तर जुनी ओळ तशीच राहती आणि खाली नवी ओळ येती, कोणाच्या नावानं, किती वाजता. शब्द चुकला तरी लिहितं. चुकीचा शब्द काय टाकला ते मात्र लिहीत न्हाई. बाई म्हणाल्या, बरोबर शब्दाच्या जवळचाच शब्द चुकून टाकलेला असतो, तो कागदावर कशाला. रोज सकाळी हे सगळं आपोआप कागदावर छापून येतं आणि बाई चहाबरोबर ते वाचतात. यादीतली नावं त्यांनी पहिल्यांदा बघितली ती ह्याच टिपणात. म्हणूनच तीन घरं वाचली. शुक्रवारी सकाळी साडेनऊला त्यांनी कागद वाचला, जेवणाच्या सुट्टीत झालेले तीन बदल त्यांना खटकले आणि पावणेदहाला जुन्या ओळी परत जागेवर आणायला लावल्या, मोठ्या साहेबांच्या समक्ष. ती जमीन कोणाची गेलेली न्हाई. गेलं ते हिरीचं नाव.

आता शब्दाचं.

मागच्या जूनमध्ये बाईंनी चारी बायांना बसवून सांगितलं की प्रत्येकीनं एक शब्द ठरवा, मला सांगू नका, कोणालाच सांगू नका. जो शब्द तुम्ही तोंडानं कधी बोलत नाही असा घ्या. ह्यात त्यांची चूक न्हाई. त्यांच्या मनात व्हतं की आडवातिडवा शब्द घ्यावा. पण आमच्याकडच्या लग्न झालेल्या बाईला विचारा, तू कोणता शब्द तोंडानं कधी बोलत न्हाईस, तर ती एकच सांगंल. म्हणजे सांगणार न्हाई, खाली बघंल. चारी जणींनी नवऱ्याचं नाव ठेवलं. हिरीनं बहिरू. जन्मात न उच्चारलेला शब्द, आणि तिच्याच नावाच्या मधोमध सगळ्या कागदांवर लिहिलेला. माझ्या गेटबुकात रोज मी तो स्वतः लिहीत व्हतो.

हे मला कधी कळलं ते सांगतो. संक्रांतीनंतर १७ जानेवारीला, मंगळवारी, केंद्राच्या व्हरांड्यात हळदीकुंकू केलं. शमीमबाई आत मशीनजवळ व्हत्या, त्यांचं काम अर्धवट व्हतं. बाया एकमेकींना उखाणा घ्यायला लावत व्हत्या. हिरी घेईना. म्हणाली, "आबा बसलेत, मला न्हाई जमायचं." मी म्हणालो, आबाला घरी बायको हाय, आबानं लय ऐकलेत, घे आणि मोकळी हो. मग तिनं भिंतीकडं तोंड करून घेतला :

"तुंगार्लीच्या तळ्यात डोंगराची सावली,
बहिरूरावांचं नाव घेते, संक्रांत आम्हाला पावली."

गराडे साहेब तिळगूळ खात उभे व्हते. ते म्हणाले, "अगं हिरी, रोज सकाळी मशीनपुढं गुपचूप नाव घेतेस की. मग आज लाजतेस कशाला?"

साहेबांनी नेम धरून मारलेला दगड नव्हता, सहज टाकलेला व्हता. पण हिरीचा चेहरा पडला. बाकीच्या तिघीबी वाटीतल्या तिळगुळाकडं बघायला लागल्या. साहेब एक एक करून चौघींकडं बघत राहिले आणि मग हसले न्हाईत. बाया हसल्या, जास्तच हसल्या. मला तेव्हाच कळलं. शमीमबाई मागाहून तिळगूळ घ्यायला आल्या, त्यांनी विचारलं कशाला एवढ्या हसताय. कोणी सांगितलं न्हाई. मीबी सांगितलं न्हाई. बायकांच्या शब्दात म्हाताऱ्यानं कशाला तोंड घालायचं, उगा बोभाटा व्हईल, असं वाटलं. सांगितलं असतं तर बाईंनी त्याच संध्याकाळी चौघींचे शब्द बदलायला लावले असते. ही माझी पहिली चूक. लिहा.

गुरुवारी ९ फेब्रुवारीला शमीमबाई सकाळच्या गाडीनं पुण्याला गेल्या, मशीनसाठी टेप आणायच्या व्हत्या. मोठे साहेब मुंबईला. गराडे साहेबांची रजा. एक वाजता बाया जेवायला बाहेर आल्या. तिघी तळ्याकडं गेल्या. हिरी माझ्या चौकीच्या पायरीवर बसली, रोजच बसती. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी व्हती. माझ्या दातांना भाकरी चावत न्हाई म्हणून तिनं मला पाण्यात भिजवून दिली. ती दोनला दोन मिनिटं असताना उठली. मधे एकदाबी उठली न्हाई. तिच्या पायाला आदल्या दिवशी काटा लागला व्हता, तो ती पिनेनं काढत व्हती, आणि मी तिला सांगत व्हतो की रुईचा चीक लाव. हे सगळं मी चष्म्याशिवाय बघितलं, मला लांबचं चांगलं दिसतं.

एक वाजून वीस मिनिटांनी जीप आली. गराडे साहेब स्वतः चालवत व्हते. त्यांनी जीप थांबवली न्हाई, हळू केली. खिडकीतून हात दाखवून म्हणाले, "आबा, चष्मा विसरलोय, दोन मिनिटं." मी साखळी काढली. सलाम केला. त्यांचं नाव लिहिलं न्हाई. केंद्राचा नियम हाय की साखळी काढायच्या आधी गाडी उभी करायची, नाव आणि वेळ लिहायची, मग साखळी. साहेब असला तरी. हा नियम शमीमबाईंनीच मोठ्या साहेबांकडून करून घेतला व्हता आणि मला वाचून दाखवला व्हता. मी म्हणालो व्हतो, बाई, हे मला शिकवू नका, ह्यात माझे केस पिकलेत.

हिरीनं जीपकडं बघितलं न्हाई. साहेब आला की बाया बघत न्हाईत, आणि साहेबाविरुद्ध बोलतबी न्हाईत.

जीप एक चाळीसला बाहेर गेली. साहेबांच्या डोळ्यावर चष्मा न्हवता. खिशात असंल. जीप आत जाताना आणि बाहेर येताना चाँदभाईंनी बघितली, त्यांची चहाची टपरी गेटासमोरच हाय. त्यांना मी संगती आणलंय. बाहेर बाकड्यावर बसलेत, टपरी बंद करून आलेत, तेव्हा त्यांचा जबाब लवकर घ्या.

मशीनच्या कागदावर गुरुवारचं असं हाय. एक वाजून चोवीस मिनिटं, नाव हिरी, शब्द चूक. एक पंचवीस, हिरी, शब्द चूक. एक सत्तावीस, हिरी, शब्द बरोबर. मग एक छत्तीसपर्यंत तीन बदल. आत गेल्यावर पहिल्या दोनदा काय टाकलं असंल ते मला माहीत न्हाई. उखाण्यात घेतलं तसं बहिरूराव टाकलं असंल, आडनावासकट टाकलं असंल. आठ महिन्यांत हिरीचा शब्द एकदाबी चुकलेला न्हाई, हे शमीमबाईंनी शुक्रवारीच मागचे सगळे कागद काढून मोठ्या साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, मनात पाप असलं की हात कापतो.

जी तीन घरं काढली त्यांच्या जागा वराळ्याच्या बाजूला रस्त्याला लागून हाईत, चांगल्या हाईत. त्यातलं एक घर बाया कान्हू चिमटे हिचं, बाया हे तिचं नावच हाय, ती विधवा, हिरीची चुलत सासू. म्हणून घरातलं भांडण असा तर्क निघाला. भांडण हाय, मला माहीत हाय. कोंबडीवरून हाय. जी तीन नावं घातली ती कोणाच्या नात्यातली ते मी सांगणार न्हाई, मला पक्कं माहीत न्हाई. कागद शमीमबाईंकडं हाय. तुमी शोधा, ते तुमचं काम.

शुक्रवारी कागद वाचल्यावर त्यावर हिरीचं नाव बघून शमीमबाईंनी तो कागद लपवला न्हाई. हिरी त्यांची मैत्रीण हाय, दर ईदला हिरीच्या पोराला कपडे असतात. तरी त्यांनी कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तितंच उभं राहून सांगितलं, मशीननं लिहिलंय ते खरं आहे, पण हिरीनं केलंय असं मशीननं लिहिलेलं नाही. हिरीचा शब्द कोणीतरी दिला, एवढंच लिहिलंय. तेव्हा साहेबांनी विचारलं, मग दुसरं कोण व्हतं आत? गेटबुक आणलं. गेटबुकात कोणी न्हवतं. आणि त्यानंतर हवालदारांनी माझा जबाब घेतला तो तुमच्याजवळ हायच. हिरी माझ्या पायरीवर व्हती हे मी त्यात सांगितलं न्हाई, सांगितलं असतं तर मग आत कोण व्हतं तेबी सांगावं लागलं असतं.

शनिवारी दुपारी गराडे साहेब चौकीवर आले. जीप बाहेर ठेवून चालत आले. म्हणाले, "आबा, तुमचं गेटबुक स्वच्छ आहे. स्वच्छच राहू द्या. तुमचंच लिहिलेलं तुम्हीच खोटं ठरवलंत तर उद्यापासून ह्या चौकीत कोण बसवील तुम्हाला?" आणि म्हणाले, हिरीला दुसरीकडं कुठंतरी लावून देऊ. ह्याला धमकी म्हणायचं का सल्ला ते तुमी ठरवा. मी शब्द जसेच्या तसे सांगितले.

काल रविवारी शमीमबाई तळेगावहून मुद्दाम आल्या. केंद्र बंद व्हतं. घरात कोणी आजारी असल्यासारखं मशीनला बघायला आल्यात असं मला आधी वाटलं. पण त्या आत गेल्याच न्हाईत. माझ्या पायरीवर बसल्या, हिरी बसती तितं. म्हणाल्या, "आबा, मी मशीनला एवढंच शिकवलं की शब्द बरोबर आहे का ते बघ. शब्द देणारा माणूस कोण, ते मशीनला दिसत नाही. ते मी गेटवर ठेवलं होतं." मग विचारलं, "गुरुवारी कोणाला सोडलं होतं का तुम्ही?"

मी म्हणालो, गेटबुक बघा.

त्यांनी गेटबुक उघडलं न्हाई. "बरं," म्हणाल्या आणि स्टेशनकडं गेल्या. रागावल्या असत्या तर मी आज आलो नसतो, असं वाटतं.

आता एक जुनं सांगतो, संबंध हाय म्हणून सांगतो. चोपन्न साली माझ्या सायडिंगवर रेल्वेच्या साहेबांची स्पेशल गाडी आली. चार डबे, पडदे लावलेले. ड्रायव्हर ओळखीचा, वरून हात करून ओरडला, सोड रे धोंडिबा, साहेब आहेत. गाडी सरपटत व्हती, पूर्ण उभी न्हवती. मी सांधा दिला न्हाई. गाडी थांबली, साहेब झोपेतून उठले, खाली उतरून मला इंग्रजीत शिव्या दिल्या. मी शिट्टीची वाट बघितली. शिट्टी झाली, सांधा दिला. मला मेमो आला. तो मेमो मी अजून ठेवलाय, पोरांना दाखवतो. त्यावेळी सांधा सायडिंगला व्हता म्हणून मला काही ठरवावं लागलं न्हाई. गुरुवारी साखळी माझ्या हातात व्हती आणि मी ठरवलं.

शमीमबाईंनी जे बांधलंय ते मी तीन वर्षांत बघितलेलं सगळ्यात पक्कं काम हाय. मोठ्या साहेबांना थांबवलं, त्यांना स्वतःला थांबवलं. गराडे साहेबांना त्यांच्या स्वतःच्या नावानं यादीत बोट लावू दिलं न्हाई, म्हणून तर त्यांना हिरीचा शब्द लागला. काम पक्कं व्हतं. त्यातला जो तुकडा माझ्या हातात दिला तेवढा सैल निघाला. केंद्रात लोक म्हणायला लागलेत की बाईंचं कुलूप फसवं हाय. ते तसं न्हाई, हे जबाबात स्पष्ट यावं.

नोकरी जाईल ते मला माहीत हाय. त्याबद्दल माझं काही मागणं न्हाई. हिरीला आजची हजेरी लावायला लावू नका, ती बाहेर चाँदभाईंच्या शेजारी बसलीय, तिला घरी पाठवा.

आज सकाळी ठाण्यात यायच्या आधी मी गेटबुकात नोंद केली. ९ तारखेच्या पानावर मधे जागा व्हती, दोन ओळींच्या मधे बसली असती. तितं लिहिली न्हाई. शमीमबाईंचं मशीन जुन्या ओळीत घुसवत न्हाई, खाली लिहितं. मी आजच्या तारखेखाली लिहिलंय : "९ तारीख, १.२० ला जीप आत, अं. गराडे, १.४० ला बाहेर. न थांबवता सोडली. त्या दिवशी लिहिलं न्हाई, आज १३ ला लिहिलं. धों. र. केदारी." गेटबुक संगती आणलंय. ते तुमच्या टेबलावर डाव्या बाजूला ठेवलंय.

वरचा मजकूर हवालदारांनी मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला, मला ऐकू येतं तरी. माझ्या बोलण्याप्रमाणे हाय. एका जागी त्यांनी "नजरचुकीने नोंद राहिली" असं माझ्या भल्यासाठी घातलं व्हतं, ते मी खोडायला लावलं. नजरचूक न्हाई, दिसत असून सोडलं. खोडलेलं खाली दिसतंय तसंच राहू द्यावं, कागद बदलून नवा लिहू नये. बाकी बरोबर हाय म्हणून सही करतो, अंगठा न्हाई.

(सही) धोंडिबा रखमाजी केदारी

समक्ष : हवालदार, लोणावळा पोलीस ठाणे